एपॉक्सी पुट्टी पत्तीखाली फाटते, थिनर घालावा का?

केरी_तीर | १२ जून, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी. तेरेखोल नदीकाठी केरीला आमची १९ फुटी फायबरची होडी आहे, वडिलांनी घेतलेली. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली तशी ती माडांत ओढून घेतली, वर ताडपत्री बांधली आणि तळाचं काम काढलं. गेल्या मोसमात नदीच्या तोंडाशी दोनदा खडकाला घासली होती. डाव्या बाजूचा ओरखडा तर थेट आतल्या ग्लासपर्यंत गेला होता. ग्राइंडरने तेवढा भाग उतरता घासला, चांगला वाळू दिला आणि एपॉक्सीत ग्लास क्लॉथचे तीन थर बसवले. तिथपर्यंत काम मनासारखं झालं.

अडलंय ते सफाईच्या पुट्टीवर. एपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, वजनावर मोजून घेतो, त्यात मायक्रोबलूनची हलकी पावडर मिसळतो. पुट्टी उभी राहते, ओघळत नाही, पण पत्ती ओढली की मधेच फाटते. मागे ओरखडे राहतात, भोकं राहतात आणि काठाला पुट्टी पत्तीबरोबर उचलून येते. रेझिन घेतलं त्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, "दहा टक्के एनसी थिनर घाल, लोण्यासारखी चालेल." उजव्या बाजूला तसं करून पाहिलं. खरंच चालली, इतकी की हात थांबवावासा वाटेना. आता डाव्या बाजूलाही तेच करू का? ती पाण्याखालची बाजू आहे आणि मार तिलाच जास्त लागतो, म्हणून आधी विचारतो.

दिवाडी_फेरी | १२ जून, सकाळी ९.१५

मी घरच्या जुन्या सागवानी खिडक्यांना एपॉक्सी लावताना त्यात अ‍ॅसिटोन घातलं होतं. चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. थोडंसं घातलं तर चालत असावं.

मालीम_फायबर | १२ जून, दुपारी १.३०

केरीबाब, डाव्या बाजूला थिनर अजिबात घालू नका. उजव्या बाजूचं नंतर बोलू, आधी पुट्टी का फाटते ते सांगतो.

मी बावीस वर्षं फायबरचं काम करतोय, त्यातली निम्मी ट्रॉलरच्या तळाखाली उताणं पडून गेली. पुट्टी फाटते याचा अर्थ ती घट्ट आहे असा नव्हे. ती *कोरडी* आहे. तुम्ही नुसते मायक्रोबलून घातलेत. ते म्हणजे पोकळ गोल दाणे. रेझिनमध्ये ते जास्त झाले की प्रत्येक दाण्याभोवती रेझिनचा पुरेसा लेप उरत नाही आणि पुट्टी ओल्या रेतीसारखी वागते. ढिगाला उभी राहते, पण ओढली की तुटते. अशा कोरड्या पुट्टीत थिनर घातला की ती चालते, कारण रेझिनची उणीव थिनर तेवढ्यापुरती भरून काढतो. थिनर उडाला की ती जागा परत रिकामी. म्हणजे पुट्टी आतून कोरडी ती कोरडीच राहिली.

पातळ करायचीच असेल तर त्याच रेझिनने करा. वेगळ्या वाटीत रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात घ्या, दोन-तीन मिनिटं काठ-तळ खरवडून नीट घोटा आणि ते मिश्रण चमचा-चमचा पुट्टीत घालत जा. नुसतं रेझिन घालायचं नाही, नुसता हार्डनर तर मुळीच नाही. पॉलिस्टर रेझिनच्या कामात हार्डनर कमी-जास्त करून वेळ सांभाळायची सवय असते, ती इथे घातक आहे. एपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर हे जोडीने गुंफले जातात. एकाचं माप चुकलं की दुसऱ्याचा उरलेला भाग जन्मभर चिकट राहतो.

दुसरं, थोडी एरोसिल पावडर (अतिबारीक सिलिका) आणा. कापसासारखी हलकी असते, झाकण उघडताना तोंडाला मास्क हवाच. रेझिन-हार्डनर घोटून झालं की आधी ही थोडी मिसळा, मग मायक्रोबलून. पुट्टीला लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो तो हिच्यामुळे, आणि उभ्या बाजूवरून ती घसरतही नाही. फार घालू नका, सुकल्यावर घासताना दगड होतो. दाट किती करायची विचाराल तर श्रीखंडाइतकी. चमचा उलटा केला तर पडू नये, पण चमच्याच्या पाठीने सारवता आली पाहिजे. चक्क्यासारखी झाली तर रेझिन वाढवा, मणगण्याच्या खिरीसारखी वाहायला लागली तर पावडर.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. ज्या जागेवर पुट्टी लावायची तिला आधी ब्रशने नुसत्या एपॉक्सीचा पातळ हात मारा आणि तो चिकट होऊ द्या. कोरड्या घासलेल्या फायबरवर पुट्टी लावली की फायबर पुट्टीतलं रेझिन ओढून घेतं, पुट्टी जागेवर पकड घेत नाही आणि पत्तीबरोबर उचलून येते. तुमचा काठाचा त्रास तिथलाच आहे.

फोंड्याची_मास्तरीण | १२ जून, रात्री ९.०५

मालीमबाबांनी हाताचं ज्ञान सांगितलं, मी त्यामागचं रसायन सांगते. मी उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

नेहमीचं शुद्ध एपॉक्सी रेझिन २५ अंशाला साधारण ११,००० ते १४,००० सेंटीपॉइज (दाटपणाचं माप) दाट असतं. पाणी १. म्हणजे जवळपास मधाइतकं. त्यात थोडा थिनर टाकला तरी दाटपणा झपाट्याने उतरतो, त्यामुळे थोड्याने काय होतंय असं वाटणं साहजिक आहे. वेस्ट सिस्टिम या अमेरिकन एपॉक्सीवाल्यांनी आपल्याच मालाचे आकडे छापले आहेत. ५ टक्के लॅकर थिनर (आपला एनसी थिनर याच जातीचा) घातला तर दाटपणा ६० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, पण दाब सोसायची ताकदही ३५ टक्क्यांनी घटते. केरीबाब, तुम्ही याच्या दुप्पट घातलाय.

असं का होतं? एपॉक्सीचे रेणू आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना धरून जाळं विणतात. थिनर या विणकामात भाग घेत नाही. तो नुसता मधे बसून राहतो आणि बाहेर पडायची वाट बघतो. पातळ रंगाच्या थरातून तो निघून जातो. पुट्टीचा थर मात्र काही मिलिमीटर जाड असतो. वरची कातडी आधी आवळते आणि खालचा थिनर अडकतो. मग तो दिवसेंदिवस, आठवडेसुद्धा, हळूहळू झिरपत राहतो. तो जाईल तशी पुट्टी आक्रसते, खाली बसते, बारीक छिद्रं पडतात. तुम्ही त्यावर रंग चढवलात तर रंगाला फोड येतात.

अ‍ॅसिटोनबद्दल वेगळं सांगायला हवं. ते ५६ अंशालाच उकळतं, त्यामुळे फळीवर पुट्टी पसरेपर्यंत बरंचसं उडून गेलेलं असतं. उडताना ते पुट्टीचा पृष्ठभाग गार करतं आणि आपल्या जूनच्या हवेत गार पृष्ठभागावर लगेच ओलावा धरतो. शिवाय अ‍ॅसिटोन हे कीटोन आहे. एपॉक्सीचे बहुतेक हार्डनर अमाइन जातीचे असतात आणि कीटोन अमाइनशी अभिक्रिया करून पाणी सोडतं. म्हणजे जो हार्डनर रेझिनला धरायला ठेवला होता, त्याचाच काही भाग आपण दुसरीकडे गुंतवतो.

दिवाडीबाब, तुमच्या खिडक्या टिकल्या त्याचं कारण बहुधा हे असावं की तिथे थर अगदी पातळ होता आणि त्यावर भार काही नव्हता. होडीच्या तळाला तो न्याय लागू होत नाही.

पातळ करणारी एक योग्य वस्तू आहे, तिला रिअ‍ॅक्टिव्ह डायल्युएंट म्हणतात. ग्लायसिडिल ईथर जातीचे हे पातळ द्रव असतात, त्यांना स्वतःचे एपॉक्सी हात असतात, म्हणून ते जाळ्यातच विणले जातात आणि उडून जात नाहीत. कापडावर लावायच्या पातळ रेझिनमध्ये कंपनी ते आधीच घालून देते. पण घरी वरून घालायला मी सांगणार नाही. त्यांच्यामुळे हार्डनरचं माप बदलतं आणि कातडीला ते नुसत्या रेझिनहून जास्त बाधतात.

खात्री करायची असेल तर सोपा प्रयोग आहे. पाण्याच्या बाटलीची तीन बुचं घ्या. एकात तुमची आधीची कोरडी पुट्टी, दुसऱ्यात थिनरवाली, तिसऱ्यात रेझिन वाढवलेली, अशी काठोकाठ भरा आणि पत्तीने वरून सपाट करा. तीन आठवडे घरात ठेवा. मग बघा कोण खाली बसलंय.

म्हापसा_गॅरेज | १३ जून, सकाळी ८.२०

आम्ही गाड्यांना पॉलिस्टरची लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो. वीस मिनिटांत घासायला तयार, हाताला मऊ. एवढा खटाटोप कशाला, तीच भरा की.

मालीम_फायबर | १३ जून, सकाळी ८.५५

गाडीला ठीक आहे, दादा. पाण्याखाली नको. गाडीच्या लांबीत पॉलिस्टर आणि टाल्कम असतं, ते पाणी धरतं. होडी महिनोन् महिने नदीत उभी राहिली की ती लांबी मऊ पडते, सुटते. मी कितीतरी तळांवरून ती पत्तीने सोलून काढली आहे, अंड्याच्या टरफलासारखी निघते.

आणि केरीबाब, वरून जेलकोट (फायबरवरचा पॉलिस्टरचा चकचकीत थर) मारायचा विचार असेल तर आताच सोडा. वाळलेल्या पॉलिस्टरवर एपॉक्सी छान चिकटतं. उलटं केलं, एपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट मारला, तर तो बऱ्याचदा नीट वाळत नाही आणि धरतही नाही. वरून एपॉक्सी प्रायमर आणि रंग, हाच मार्ग.

केरी_तीर | १३ जून, रात्री ८.३०

बाई, मालीमबाब, मनापासून आभार. बुचं आजच भरून खिडकीत ठेवली. नवी पुट्टी करायला रेझिन थोडं गरम करून घेऊ का? कुठेतरी वाचलं होतं की गरम पाण्यात डबा ठेवला की रेझिन पातळ होतं.

फोंड्याची_मास्तरीण | १३ जून, रात्री ९.४०

थंड प्रदेशात तो उत्तम उपाय आहे. रेझिन २५ वरून ४० अंशावर नेलं तर दाटपणा कित्येक पटींनी उतरतो, आणि त्यात परकं काही मिसळलेलं नसतं. पण ढोबळमानाने दर १० अंशाला अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. आपल्याकडे सकाळीच २८-२९ अंश असतात. आणखी तापवलंत तर पुट्टी पसरेल मस्त, पण दहा मिनिटांत हातात घट्ट होईल. गोव्यात उलटं करा. पहाटे काम करा, आणि हळू वाळणारा हार्डनर मिळाला तर तो घ्या.

मालीम_फायबर | १३ जून, रात्री १०.१०

यात माझा एक अनुभव घाला. सुरुवातीच्या दिवसांत एका मे महिन्यात दुपारी मी बादलीत दीड किलो पुट्टी एकदम घोटली. म्हटलं, सारखं सारखं कोण मिसळणार. शेवटचा घोट देईपर्यंत बादलीची कड हाताला चटके द्यायला लागली, मग मधून पांढरा धूर, मग तडे. बादली उचलून उघड्यावर रेतीत नेऊन ठेवली. रेझिनचा ढीग स्वतःच्या उष्णतेने स्वतःलाच शिजवतो. तेव्हापासून मी एका वेळी आंब्याएवढाच गोळा करतो, आणि वाटीत न ठेवता लगेच सनमायकाच्या तुकड्यावर पातळ पसरवतो. तेवढ्यानेच कामाचा वेळ चांगला वाढतो आणि पुट्टी मऊ राहते. बऱ्याच वेळा पुट्टी जाड म्हणून फाटत नाही, ती वाटीतच अर्धी वाळलेली असते म्हणून फाटते. अशी पुट्टी थिनरने सैल करून लावणं म्हणजे सर्वांत वाईट. ती टाकून द्यायची.

आगशी_कांठ | १४ जून, सकाळी ७.००

एक उपाय माझ्याकडूनही. पुट्टी लावून झाली की वर जाड पॉलिथिनचा स्वच्छ कागद अंथरा आणि त्यावरून पत्ती फिरवा. पत्ती पुट्टीला लागतच नाही, त्यामुळे ओढ नाही, फाटणं नाही. हवेचे बुडबुडे कडेला ढकलत न्या. एपॉक्सी पॉलिथिनला चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी कागद सोलला की खाली काचेसारखी जागा मिळते. वाकड्या भागावर सुरकुत्या पडतात, तिथे मी छोटे तुकडे घेतो.

पत्ती स्पिरिटमध्ये बुडवून वरून फिरवायची पद्धत पण आहे. फडक्यावर चार थेंब घेऊन पत्ती पुसण्यापुरतं ठीक. पुट्टीवर ओतायचं नाही. आणि पाणी लावून गुळगुळीत करणं फक्त हाताने मळायच्या एम-सीलसारख्या गोळ्याला.

मालीम_फायबर | १४ जून, दुपारी २.००

पॉलिथिनचं अगदी बरोबर. पावसाळ्यात त्याचा आणखी एक फायदा आहे, हवेतला ओलावा पुट्टीला लागत नाही. उघडी ठेवलेली पुट्टी आपल्याकडे जून-जुलैत सकाळी हात लावला तर मेणासारखी बुळबुळीत लागते. तो हार्डनरमधून वर आलेला पापुद्रा. त्यावर पुढचा थर धरत नाही आणि पेपर लावला की चोंदतो. तो थिनरने पुसून जात नाही, नुसता पसरतो. साधं पाणी आणि हिरवी भांडी घासायची चौकट घ्या, घासून धुवा, कोरडं करा आणि मगच पॉलिश पेपर लावा.

आणि केरीबाब, एका हातात सगळी सफाई आणायचा हट्ट सोडा. पहिला थर दाते असलेल्या पत्तीने ओढा, नांगरल्यासारख्या सऱ्या येतील. त्या वाळू द्या. लांब सरळ फळीला पेपर लावून नुसती त्यांची डोकी एका पातळीत आणा. मग दुसऱ्या थराने सऱ्यांमधल्या चरी भरा. पत्तीला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो, त्यामुळे ती खड्ड्यात बुडत नाही. पुट्टी पातळ करायची गरज ज्यामुळे वाटते, ते कारणच उरत नाही.

केरी_तीर | ५ जुलै, सायंकाळी ६.१५

तीन आठवडे झाले, बुचं काढली.

कोरड्या पुट्टीचं बूच काठोकाठ आहे, पण वर बारीक भोकं, नखाने टोकरलं की पावडर निघते. रेझिन वाढवलेलं काठोकाठ, आणि नखाचा ओरखडा उठत नाही. थिनरचं मधोमध खाली बसलंय. वर स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेड दिसतो. ते बूच पकडीत धरून फोडलं. आत तुकडा किंचित रबरासारखा वाकला आणि नाकाशी नेला तर थिनरचा वास. बावीस दिवसांनी. आईला वास घ्यायला दिला, ती म्हणाली, "नखाच्या रंगाचो वास येता."

मग होडीकडे गेलो. उजवी बाजू लावली तेव्हा एकसारखी होती. आता टॉर्च आडवा धरला तर जिथे पुट्टी जाड तिथे बशीसारखे खळगे दिसतात. पेपर लावला तर पाच मिनिटांत चिकट गोळ्यांनी भरून गेला. खूप वाईट वाटलं, त्या बाजूला मी चार दिवस घातले होते.

यावर नवी पुट्टी चढवली तर चालेल का?

मालीम_फायबर | ५ जुलै, रात्री ८.००

नाही. मऊ थरावर कडक थर बसवला तर खालचा हलत राहतो आणि वरचा तडकतो. सगळी काढा. पण अजून मऊ आहे हे बरंच झालं. धारदार पटाशीने सोलून निघेल, ग्राइंडर लागायचा नाही. खाली फायबर दिसेपर्यंत जा, पेपर मारा, दोन दिवस हवा लागू द्या. बंदी ३१ जुलैपर्यंत आहे, तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे.

हातमोजे घालून करा. अर्धवट वाळलेलं एपॉक्सीही कातडीला बाधतं. माझ्याबरोबरचा एक कारागीर हात थिनरने धुवायचा. थिनर कातडीचं तेल काढतो आणि एपॉक्सी आत नेतो. त्याला अशी खाज सुटली की आज रेझिनचा डबा उघडला तरी त्याच्या पापण्या सुजतात. त्याला हा धंदा सोडावा लागला. हाताला लागलं तर आधी कोरड्या कागदाने पुसा, मग खोबरेल, मग साबण.

फोंड्याची_मास्तरीण | ५ जुलै, रात्री ९.२०

केरीबाब, तुमची परवानगी असेल तर ती तीन बुचं मला वर्गात दाखवायला हवी आहेत. बहुवारिकांचा धडा शिकवताना मुलांना जाळं म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवावं लागतं. तुमचा फोडलेला तुकडा हातात दिला तर एका मिनिटात कळेल.

केरी_तीर | २७ जुलै, सकाळी १०.५०

बाई, बुचं तुमचीच. चवथीला फोंड्याला मावशीकडे येणार आहे, तेव्हा घेऊन येतो.

काम झालं. उजवी बाजू पटाशीने दीड दिवसात साफ केली. मग मालीमबाबांनी सांगितलं तसं. आधी नुसत्या एपॉक्सीचा हात, तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही असा झाला की पुट्टी. एरोसिल दोन चमचे घातली आणि मिश्रणाचा रंगच बदलला, दाणेदार होतं ते साईसारखं दिसायला लागलं. पहाटे साडेपाचला सुरुवात, नऊला बंद. एका वेळी आंब्याएवढा गोळा, सनमायकावर. पत्ती पहिल्यांदा नाळेपासून मागपर्यंत न थांबता गेली, तेव्हा वडील मागे उभे होते. काही बोलले नाहीत. माझ्या हातातली पत्ती घेऊन पुढचा हात त्यांनी स्वतः मारला.

दुसऱ्या थरावर पॉलिथिन अंथरलं. आगशीबाब, तुमचा कागद सोलताना जो आवाज येतो तो फार आवडला. वरून पेन्सिलीच्या आडव्या-तिडव्या रेघा मारून लांब फळीने घासलं, जिथे रेघ उरली ती जागा खोल. अशा चारच जागा निघाल्या. परवा एपॉक्सी प्रायमरचा दुसरा हात मारला. रंग उद्या, पाऊस उघडला तर.

पुट्टीला थिनरचा एक थेंब लागला नाही. जो उरला होता तो ब्रश धुवायला ठेवलाय, चुलीपासून लांब, झाकण घट्ट लावून.

मालीम_फायबर | २७ जुलै, दुपारी १२.१०

देव बरें करूं. रंग झाला की किमान आठवडाभर पाण्यात घालू नका, १ तारखेची घाई नको. नारळी पौर्णिमेला घाला. आणि पहिल्या फेरीनंतर ओढून तळावर एकदा टॉर्च आडवा धरा, काय दिसतं ते इथे लिहा.